पहिला घाव जावेचा

आमच्या बिल्डिंगीत आवाजाची पहिली तक्रार झाली ती माझ्यावर. मी कोणावर केली नव्हती.

करायची म्हटली असती तर विषय कमी नव्हते. सकाळी पाण्याचा पंप सुरू झाला की माझ्या उशाखालची जमीन थरथरते. दुसऱ्या मजल्यावर खुर्च्या उचलून ठेवायची कोणाला सवय नाही, टायलांवरून ओढतात. समोरच्या खोलीतला रिटायर कंडक्टर टीव्हीवरच्या बातम्या लावतो त्या गेटापर्यंत ऐकू जातात. मी कधी काही बोलले नाही. माणसं राहतात तिथे आवाज असणारच. पहिलं वर्षभर बिल्डिंग रिकामी होती. खोल्या विकलेल्या, पण कुलपं लागलेली. तेव्हा संध्याकाळी दिवा लावून बसले की माझ्याच हातातला पेला वाजला तरी मी दचकायचे. मग एकेक माणसं राहायला आली, पायरव सुरू झाला, आणि मला वाटलं, चला, आता घर झालं.

ही बिल्डिंग आमच्याच घराच्या जागेवर उभी आहे. घर म्हणजे एका छपराखाली दोन चुली. एक थोरल्या जावेची, एक माझी. मधली भिंत कौलांपर्यंत गेलेली नव्हती, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर गेली आणि तिथेच थांबली. त्यामुळे तिकडचं इकडे सगळं ऐकू यायचं. जाव कढईत उलथनं जोरात आपटायची, ते माझ्यासाठी असायचं. मी पाट्यावर वाटण वाटताना मुद्दाम वेळ लावायचे, ते तिच्यासाठी. आता तीही नाही आणि भिंतही नाही. तिचे मुलगे मुंबईला. त्यांनी बिल्डरला जागा दिली. मला सही करायला सांगितलं, मी केली. मला सही येते, दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. त्याबदल्यात मला तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. संडास आत आहे. पावसात बाहेर जावं लागत नाही, हे खरं सुख.

मी बिल्डरकडे एकच गोष्ट मागून घेतली. आमच्या पडवीत जमिनीत पुरलेलं दगडाचं उखळ होतं. आमच्याकडे त्याला व्हायन म्हणतात. माझ्या सासूच्या सासूच्या आधीपासूनचं. नुसतं तोंड वर, बाकी सगळं मातीत. मी म्हटलं, "बाकी सगळा न्हेयात, व्हायन माका व्हया." बिल्डर चांगला माणूस. त्याच्या चार कामगारांनी ते खणून काढलं, मागच्या बाजूला जिन्याखाली आणून ठेवलं आणि भोवती सिमेंट ओतून पक्कं केलं. मी त्यांना चहा दिला. हात लावून बघितलं, जराही हलत नव्हतं. मला फार बरं वाटलं. मातीत असताना ते थोडं डुगडुगायचं.

माझा धंदा म्हणाल तर मसाला कांडायचा. शिमगा झाला की सुरू, पाऊस येईपर्यंत. लोक मिरच्या वाळवून, धणे, लवंगा, दालचिनी भाजून डब्यात आणून देतात. गिरणीत दळला तर मसाला तापतो आणि त्याचा वास मरतो, असं जुन्या माणसांचं म्हणणं. म्हणून अजून चार घरं माझ्याकडे येतात. चर्चच्या रस्त्यावरची एक टीचरबाई आहे, तिच्या गोव्याच्या नणंदासुद्धा माझ्याच हातचा मसाला नेतात. त्यावर माझी वर्षाची चूल चालते.

हे काम मी एकटीने सुरू केलेलं नव्हतं. माझा नवरा काविळीने गेला. पावसाचे दिवस, नदीला पूर, पलीकडे दवाखाना. पूर ओसरेपर्यंत तो राहिला नाही. मूल एक झालं होतं, तेही राहिलं नव्हतं. सासू म्हणाली, हिला माहेरी पाठवा. तेव्हा जाव पडवीत उभी होती. ती म्हणाली, "हिका पाठवलास तर माझ्यावांगडा कांडूक कोण? तुमी?" मी राहिले. जावेने माझी बाजू घेतली असं कोणी म्हणू नये. तिला खरंच दुसरं मुसळ मारायला माणूस हवं होतं.

उखळ एक, बायका दोन, मुसळं दोन. समोरासमोर उभं राहायचं. एकीचं मुसळ खाली जातं तेव्हा दुसरीचं वर. पहिला घाव जावेचा, थोरली म्हणून. दुसरा माझा. हाताकडे बघायचं नसतं. बघितलं की चुकलं, आणि चुकलं तर मुसळावर मुसळ आपटून मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. नुसतं ऐकायचं. तिचा घाव पडला की माझा. सुरुवातीला मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा ती म्हणाली, "शिरा पडो तुझ्या हातार. म्हायेराक काय ताक घुसळीत होतंस?" नंतर मी चुकले नाही.

मग आमचं भांडण झालं. फणसावरून. झाड मागच्या अंगणात, बुंधा तिच्या वाटणीत, पण फणस धरायचे ते माझ्या बाजूच्या फांदीला. कोण कोणाला काय म्हणालं ते आता सांगत नाही, दोघींचीही तोंडं वाईटच होती. नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एका छपराखाली. पण मसाल्याचे डबे आले की ती यायची, तिचं मुसळ माझ्या दाराशी भिंतीला टेकवायची, आणि टेकवताना जरा आपटायची. मी समजायचे. पदर खोचून बाहेर जायचे. दुपार होईपर्यंत कांडायचो. तोंडातून शब्द नाही.

काही सांगायचंच झालं तर मांजर होतं.

"मांजरा," जाव म्हणायची, "थंय सांग, फाल्या सकाळी टीचरणीचे धणे येतले. येळार उठाक व्हया."

मी म्हणायचे, "मांजरा, तिका सांग, माका कान आसत."

"कान आसत तर काल धा वाजता खंय गेले होते ते कान?"

मांजर बिचारं मधे बसून अंग चाटायचं. त्याला मिरचीचा ठसका लागला की दोन दिवस यायचं नाही. मग आम्हाला बोलायला कोणी नसायचं.

नऊ वर्षांनी ती पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली ती असंच कांडताना. चार पायल्या मिरची होती. अर्ध्यावर तिने मुसळ उखळातच उभं धरलं, त्यावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "थांब गो वायच." मी थांबले. तिला दम लागला होता. छातीचं दुखणं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोन उन्हाळे आम्ही बोलत होतो. फार नाही. मिरची सुकली काय, मीठ आहे काय, असंच. मधून मधून ती "थांब गो" म्हणायची आणि मी थांबायचे. त्या कार्तिकात ती गेली. पुढच्या वर्षी घर पाडलं.

तिचं मुसळ मी ठेवलं. जिन्याखाली भिंतीला टेकवून उभं असतं, माझ्या मुसळाशेजारी.

बिल्डिंगीतला पहिला उन्हाळा मी कांडलं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या बरोबर वरच्या खोलीत एक नर्स राहायला आली. पोरगीच. माहेर सावंतवाडीकडच्या एका गावातलं, नवरा गोव्यात औषधांच्या कारखान्यात, रविवारी येणार. हिची ड्यूटी रात्रीची. सकाळी आठला यायची, जिन्यात चप्पल काढून हातात घ्यायची. खाली मी राहते म्हणून. ते मी बघितलं होतं.

आवाजाची तक्रार तिने नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीने येऊन सांगितली. हे गृहस्थ कचेरीतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहतात. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण सोसायटीचं काही असलं की मराठी बदलते. मी तेव्हा मिरची कांडत होते.

"काकी, जरा थांबता का? तुमच्याबद्दल तक्रार आली आहे."

"कसली?"

"आवाजाची. जिन्याखालची जागा कॉमन आहे. तिथे असं काम करता येत नाही."

"कॉमन म्हंजे काय?"

"म्हणजे सगळ्यांची."

"मगे माझी पण."

मी म्हटलं, तुमच्याकडे मिक्सर लागतो तो मला इथे ऐकू येतो. ते म्हणाले, "मिक्सरचा आवाज घरातला असतो, काकी. तुमचा सगळ्या बिल्डिंगचा होतो. खांबातून वर चढतो. आणि ही दोन मुसळं कशाला? तुम्ही तर एकट्याच..." एवढ्यात त्यांना मिरची लागली. एक शिंक, दोन, तीन. डोळे पुसत म्हणाले, "मेल्याची मिरसांग ती, घशात गेली गो." आणि गेले. दोन मुसळं कशाला, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं. मी देणार होते की एक मोडलं तर.

पण खांबाचं त्यांनी सांगितलं ते खरं होतं. मातीत घाव मुरायचा. सिमेंटात मुरायला जागा नाही. मी ज्याला पक्कं म्हणून खूश झाले, त्यानेच आवाज वर जात होता.

मी माझ्या परीने केलं. उखळाभोवती किंतानाची पोती घातली. वेळ बदलली. सकाळी पोरगी येऊन निजते म्हणून अकराला सुरू करायला लागले. मग कोणी म्हणालं, अकराला तर तिची झोप लागते, तर मी दोनला. दोनला उन्हाने जिन्याखाली भाजायचं. घाव हळू घालायला लागले. मुसळ टाकायचं नाही, उतरवायचं. हळू घातल्यावर मिरची लवकर मोडेना, जिथे दोन तासांचं काम तिथे चार तास. आणि तरीही एका दिवशी माझ्या दारावर कागद चिकटवलेला. अक्षर लावून लावून वाचला. दुपारी शांतता राखावी. खाली सही. मी तो कागद काढला नाही. काढला तर आणखी काही म्हणतील.

मग निरोप आला की रविवारी मीटिंग आहे, विषय व्हायनाचा. कंडक्टरने मला सगळं आधीच सांगितलं, त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. "काकी, ते व्हायन खणून गेटाकडे न्हेतले. तेच्यात माती घालून फुलझाड लावतले. रंग मारतले. शोभेक."

"कसला झाड?"

"जास्वंद म्हणतत."

जास्वंद. मी घरात येऊन बसले. मला वाटलं, बसायला तर मिळेल, हात दुखतात तेही थांबेल. मग वाटलं, टीचरबाईचे डबे यायचे बंद होतील, आणि मग उन्हाळाभर माझ्या दारात कोण येणार. उखळ गेलं तर मी या बिल्डिंगीत नुसती एक म्हातारी, तळमजल्यावर राहते ती. मी रडले वगैरे नाही. भाकरी केली, खाल्ली.

शुक्रवारी सकाळी ती नर्स स्वतः आली. ड्यूटीवरून थेट. डोळे लाल, हातात चप्पल. मी जिन्याखाली मिरच्यांची देठं खुडत होते. ती पायरीवर बसली.

"आज्ये, वायट मानू नकात."

"सांग."

"मी तक्रार करूक जावक नाय होतंय. सेक्रेटरींनी माका इचारल्यानी, झोप कित्या होणा नाय, म्हणान सांगलंय. तेंणी लिवन घेतल्यानी."

"होवंदे. पण तुका झोप येणा नाय ता खराच ना?"

"येणा नाय." मग म्हणाली, "आवाजाचा माका कायएक नाय. हॉस्पिटलात मी बाकड्यार बसान पण झोपतंय. थंय लोकां रडत असतत, मशिनी वाजत असतत. तुमच्या आवाजान झोप जाणा नाय."

"मगे कशान जाता?"

तिने मांडीवर हात मारून दाखवलं. एक मारला. मग हात मांडीवर तसाच ठेवला. मी बघत राहिले. मग परत एक मारला.

"असो. एक घाव पडता. मगे काय नाय. मी डोळे मिटून वाट बघतंय, आता दुसरो येतलो, आता येतलो. तो येणा नाय. मगे परत एक. परत माझी वाट बघणी. आणि आता तुमी हळू मारूक लागल्यापासना तर मधी इतको येळ जाता की माका वाटता, आज्येक काय झाला तर नाय ना? उठान बसतंय मी." तिला स्वतःचंच हसू आलं. "असां कसां कांडतास तुमी?"

मी तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होते. मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. दोन उन्हाळे मी कांडत होते आणि माझ्या कानाला ते पुरं वाटत होतं.

मी उठले, मुसळ घेतलं आणि चार घाव घातले. डोळे मिटून. आणि मग मला कळलं. मी वर उचलते आणि थांबते. पहिला पडल्यावर मग माझा.

"बाय," मी म्हटलं, "तू दुसऱ्याची वाट बघतंस. पण हो माझो, तो दुसरोच. येणा नाय तो पयलो."

भिंतीला टेकलेलं दुसरं मुसळ तिने बघितलं.

"ह्या कोणाचा?"

"माझ्या जावेचा."

"खंय आसा ती?"

"गेली."

ती उठली, ओढणी कमरेला बांधली आणि ते मुसळ उचललं. "मी मारतंय पयलो. गावात बायांका कांडताना बघलंय मी."

"तू रात्रभर जागी आसस. जा, नीज."

"धा घाव, आज्ये."

तिने पहिला मारला, मी दुसरा. तिचा, माझा. तिसऱ्याला तिचा उशिरा आला आणि मुसळावर मुसळ बसलं. ती "आई गे" म्हणून मनगट धरून उभी राहिली. मला हसू आलं. घर पाडल्यापासून मी मोठ्याने हसले नव्हते. तोंडात आलेलं मी बोलूनही गेले, "म्हायेराक काय ताक घुसळीत होतंस?"

"आमच्याकडे म्हस नाय," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून मुसळ काढून घेतलं. तिचा तळवा लाल झाला होता. रात्री तिला त्याच हाताने लोकांना सुया टोचायच्या. मी तेल लावून दिलं आणि वर पाठवलं. मुसळ परत भिंतीला टेकवलं.

मग मी शिकायला बसले. म्हणजे उभी राहिले. या वयात मुसळ मारायला शिकायचं. दोन घावांमधली ती जागा बंद करायची होती. मुसळ वर गेलं की लगेच खाली, परत वर, परत खाली, कोणाची वाट बघायची नाही. सांगायला सोपं. हात ऐकेना. चार घाव सरळ पडायचे आणि पाचव्याला तो आपला वर जाऊन उभा. मी त्याला खाली ओढायचे. मग दम लागायचा, कारण जावेचा घाव पडायचा तेवढा वेळ मला श्वास घ्यायला मिळायचा, ते इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. श्वास दुसरीकडे घ्यायला शिकावा लागला. मुसळ खाली जाताना सोडायचा, वर येताना घ्यायचा. या हाताने दहा, त्या हाताने दहा. शुक्रवारी दुपारी केलं, शनिवारी दिवसभर केलं. आणि शनिवारी संध्याकाळी मिरचीचा एक सबंध घाणा मी सरळ घातला. एकही जागा सोडली नाही. संपल्यावर मी जावेच्या मुसळाकडे बघितलं नाही.

रविवारी नर्स आठला आली. मी चप्पल हातात घेतलेली बघितली, दार लागल्याचं ऐकलं. नवरा त्या रविवारी यायचा नव्हता. मी सुरू केलं. आज तिच्या झोपेच्या वेळेलाच सुरू केलं, मुद्दाम. हळू नाही, चांगले भरून घाव. साडेदहापर्यंत टीचरबाईची सगळी मिरची झाली.

अकराला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी एका बाजूला बसले. सेक्रेटरींनी कागद वाचला. व्हायन, जागा, आवाज, जास्वंद. मग म्हणाले, "ज्यांना मुख्य त्रास आहे त्यांनी आपलं म्हणणं मांडावं." सगळे इकडे तिकडे बघायला लागले. नर्स आलेलीच नव्हती. त्यांनी फोन लावला. वर खोलीत फोन वाजलेला आम्हाला खाली ऐकू येत होता. वाजून वाजून थांबला. मग ते स्वतः वर गेले, बेल मारली, दार ठोठावलं. खाली आले.

"झोपलेल्या दिसतात," ते म्हणाले.

कंडक्टर म्हणाला, "झोपल्या? काकी तर सकाळपासना कांडतत. साडेधापर्यंत मी आयकलंय."

"मगे तक्रार कसली?" दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली. "आमका बेल वाजली तरी जाग येता, तिका मुसळान येणा नाय."

लोक हसले. सेक्रेटरींनी कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "विषय पुढच्या वेळी घेऊ." पुढच्या वेळी पार्किंगचा विषय निघाला आणि दोन गाड्यांवरून एवढं भांडण झालं की व्हायन राहिलं ते राहिलंच. गेटाकडे त्यांनी कुंडी विकत आणून ठेवली. जास्वंदीला फुलं येतात.

त्या रविवारी संध्याकाळी नर्स खाली आली, गालावर उशीचा वळ. "आज्ये, मीटिंग झाली? माका कोणीच उठवक नाय."

"उठवल्यानी गो. तू उठलंस नाय."

"काय ठरला?"

"काय नाय. जेवलंस?"

मी तिला वाटीभर मसाला दिला. तिने वास घेतला, शिंकली आणि वर गेली. आता ती रोज झोपते. कधी जिन्यात भेटली तर सांगते, आज्ये, तुमचो आवाज सुरू झालो की माका डोळो लागता. मी म्हणते, बरां झाला. तिला वाईट वाटेल असं मी काही सांगितलेलं नाही.

मे महिना संपत आला तेव्हा ती चार दिवस माहेरी गेली. वर कोणी नव्हतं. कंडक्टर लग्नाला गेला होता, दुसऱ्या मजल्यावरची माणसंही सुट्टीला. मी घरच्यासाठी थोडे धणे भाजून ठेवले होते. माझ्या मनात आलं, आज कोणाची झोप मोडायची नाही. आज कांडूया आपल्या पद्धतीने.

पदर खोचला, धणे उखळात ओतले, माझ्या बाजूला उभी राहिले. समोरची बाजू मोकळी ठेवली. मुसळ वर उचललं.

लगेच खाली आलं. परत उचललं, परत खाली. मी म्हटलं, थांब गो वायच. हात थांबेना. मग मी मनात मोजायला लागले, एक जावेचा, एक माझा. मोजून मोजून मधे जागा सोडली. जागा सुटली, पण नुसती रिकामी. पूर्वी ती रिकामी नव्हती. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक झालं तर हात विसरला.

धणे थोडेच होते. सरळ घाव घालून संपवले, चाळले, डब्यात भरले. दोन्ही मुसळं ओल्या फडक्याने पुसून भिंतीला टेकवली. तिचं टेकवताना जरा आपटून बघितलं.